वॉशिंग्टनमध्ये हंटर एज्युकेशन शिकवायचंय? बंदूक कोणाची आणि हातात कोणाच्या, ते आधी बघा

ओळखीतले बरेच जण हल्ली विचारतात की तू शनिवारी बंदुका शिकवायला कुठे जातेस आणि आम्हालाही करता येईल का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय. मी वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या पूर्वेला राहते आणि राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्यासाठी हंटर एज्युकेशनचे, म्हणजे शिकारीला जाणाऱ्यांना बंदूक सुरक्षितपणे हाताळायला शिकवणारे क्लास घेते, पगार वगैरे काही नाही, पूर्ण व्हॉलंटियर काम आहे. इथे १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्या माणसाला हा कोर्स झाल्याशिवाय शिकारीचं नेहमीचं लायसन्स मिळत नाही. आपल्याकडे १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे त्यामुळे आपल्या लोकांना हे सगळं विचित्र वाटतं ते मला कळतं, पण इथे हरणाच्या सीझनमध्ये जंगलात हजारो लोक बंदूक घेऊन फिरणारच आहेत, मग ते नीट शिकून गेलेले बरे की नाही? मला तरी हे काम मनापासून महत्त्वाचं वाटतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन नावाचा फेडरल कायदा आहे, त्यात रायफल, शॉटगन आणि काडतुसांवरच्या ११ टक्के करातून राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी आणि हंटर एज्युकेशनसाठी निधी मिळतो. त्यात राज्याला स्वतःचा वाटा घालावा लागतो आणि आपण दिलेले तास त्या वाट्यात धरता येतात. म्हणून तासांचा फॉर्म कंटाळा न करता भरा, तुमच्या चार तासांतून खरोखर निधी येतो.

आता मुख्य मुद्दा, जो नवीन लोकांना कोणी आधी सांगत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये इथे मतदारांनी इनिशिएटिव्ह ५९४ (थेट मतदानाला ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव) पास केलं, साधारण ५९ टक्के मतांनी, आणि ४ डिसेंबर २०१४ पासून ते लागू झालं. त्याआधी दुकानदाराकडून बंदूक घेतली तर बॅकग्राउंड चेक, म्हणजे घेणाऱ्याच्या गुन्ह्यांच्या वगैरे नोंदींची तपासणी, पण दोन साध्या माणसांमधल्या व्यवहाराला तशी सक्ती नव्हती. नंतर नियम असा झाला की बंदूक एकाकडून दुसऱ्याकडे गेली की लायसन्सवाल्या डीलरमार्फतच जायला हवी आणि घेणाऱ्याचा चेक व्हायला हवा. यात फक्त विक्री नाही बरं का, पैसे न घेता दिलेली भेट आणि उसनी दिलेली बंदूकसुद्धा ट्रान्सफरमध्ये धरली. माझ्या मते बॅकग्राउंड चेक असायलाच हवा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण आमचा अख्खा वर्ग चालतो तो बंदूक या हातातून त्या हातात देण्यावर, मग इथे काय करायचं हा प्रश्न तेव्हाच्या इन्स्ट्रक्टर लोकांसमोर उभा राहिला.

कायद्यात सवलती होत्या. अठरा वर्षांखालच्या मुलाला शिकण्यासाठी, जबाबदार मोठ्या माणसाच्या थेट देखरेखीखाली बंदूक देता येते. अधिकृत शूटिंग रेंजवर देता येते, पण ती बंदूक पूर्ण वेळ रेंजवरच राहायला हवी. शिकार चालू असताना सोबत्यालाही देता येते, पण त्याचं ट्रेनिंग आणि लायसन्स सगळं पूर्ण हवं. आता बघा, आमच्याकडे येणारे सगळेच काही शाळकरी नसतात, तिशी-चाळिशीतली माणसं असतात, बायका असतात, मुलाला घेऊन आलेले आणि मग स्वतःच कोर्सला बसलेले बाप असतात, आणि क्लास भरतो कुठेतरी कम्युनिटी हॉलमध्ये, रेंजवर नाही. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराला बंदूक दिली तर चालतंय आणि त्याच्या शेजारी बसलेल्या बापाला दिली तर कायद्यात जागाच नाही, असा पेच होता. २०१७ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती केली आणि एक सवलत वाढवली, की घेणारा माणूस आणि बंदूक दोन्ही देणाऱ्याच्या समोर राहत असतील तर तेवढ्यापुरतं देणं चालतं. आरसीडब्ल्यू, म्हणजे राज्याच्या कायद्यांच्या संहितेतलं ९.४१.११३ हे कलम आहे, स्वतः वाचा, अगदी साध्या भाषेत आहे, आणि दरवर्षी परत वाचा कारण इथले बंदुकीचे कायदे सतत बदलतायत.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते सांगते. कुंपण ओलांडायचा सराव आम्ही दोन खुर्च्यांमध्ये दोरी बांधून घेतो. पहिला विद्यार्थी नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून बोल्ट (काडतुसाची जागा बंद करणारा भाग) उघडतो, आत डोळ्याने बघतो, बोट घालून चाचपतो, मग उघडी बंदूक दुसऱ्यापुढे धरतो, दुसरा ती दोन्ही हातांनी घट्ट पकडून थँक यू म्हणतो आणि ते ऐकल्यावरच पहिल्याने हात सोडायचा. पकड सुटायची ती थँक यू ऐकूनच, त्याआधी नाही, हे मी पोरांकडून परत परत करून घेते. टेबलावर डमी काडतुसं असतात, खरं काडतूस वर्गात आणायचंच नाही. हा सराव चालू असताना बंदूक माझी असते आणि मी दोन हात अंतरावर उभी असते, म्हणून मोठ्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही कायदा पाळला जातो. मला फोन आला आणि मी बाहेर पार्किंगमध्ये गेले तर? सोबतचे इन्स्ट्रक्टर आत आहेत हे खरं, पण बंदूक त्यांची नाहीये. म्हणून आमच्या टीमचा नियम असा की मालक खोलीतून बाहेर पडणार असेल तर त्याच्या बंदुका आधी केसमध्ये जातात, कुलूप लागतं, मगच तो बाहेर.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो उसनवारीत. तुम्हाला ताप आला, उद्या क्लास आहे, सहकारी म्हणतो मी येऊन तुझी शॉटगन घेऊन जातो, दुपारी परत आणून देतो. आपल्याला यात काहीच वाटत नाही, शेजाऱ्याला ड्रिल मशीन दिल्यासारखंच वाटतं. पण इथे तुम्ही हजर नाही, रेंज नाही, घेणारा अठराच्या वरचा, म्हणजे डीलरकडे जाऊन चेक करणं आलं, आणि आता वेटिंग पिरियडही (बंदूक हातात मिळण्याआधी सक्तीने थांबायचे दिवस) असल्यामुळे उद्याच्या क्लासला ती बंदूक पोचणारच नाही. चूक म्हणून नाही पण जाणूनबुजून नियम मोडला तर पहिल्या वेळी ग्रॉस मिसडिमीनर हा गुन्हा, म्हणजे ३६४ दिवसांपर्यंत जेल आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड, आणि दुसऱ्या वेळी फेलनी, म्हणजे त्याहून गंभीर गुन्हा. म्हणून बदली सामान आधीच ठरवून ठेवा. ज्यातून गोळी सुटूच शकत नाही अशा ट्रेनिंगच्या बंदुका वापरणं सगळ्यात सोपं, पण घरच्या बंदुकीची फायरिंग पिन (काडतुसावर आपटून ते उडवणारी पिन) काढली म्हणजे प्रश्न मिटला असं आपल्या मनाने ठरवू नका, खात्याच्या कोऑर्डिनेटरला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

आपल्या लोकांसाठी वेगळं आणि फार महत्त्वाचं: व्हिसा. एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही, काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे वैध शिकारीचं लायसन्स. आता लायसन्ससाठी आधी कोर्स हवा आणि कोर्समध्ये बंदूक हाताळावी लागते, अडचण लक्षात आली ना? त्याशिवाय या राज्याचं स्वतःचं एलियन फायरआर्म लायसन्स, म्हणजे परदेशी नागरिकांसाठीचं बंदुकीचं लायसन्स वेगळं असतं. ग्रीन कार्डवाल्यांना हे दोन्ही लागू नाही, पण शस्त्राचा गुन्हा सिद्ध झाला तर तो डिपोर्ट करायचं कारण ठरू शकतो, ग्रीन कार्ड असलं तरी, त्यामुळे चलता है म्हणून सोडून देऊ नका. व्हिसावर असाल तर वकिलाशी बोलून, कोऑर्डिनेटरला आधी कळवून मगच फील्ड डेला, म्हणजे प्रत्यक्ष बंदूक हाताळायच्या दिवशी या. आणि इन्स्ट्रक्टर म्हणून तुमच्यासमोर असा विद्यार्थी आला तर त्याला सगळ्यांसमोर व्हिसा विचारून लाजवू नका, रजिस्ट्रेशननंतर सगळ्यांनाच एक सारखा ईमेल पाठवून हा नियम कळवा, आम्ही तसंच करतो.

बाकी इन्स्ट्रक्टर व्हायची प्रोसेस अवघड नाही. खात्याकडे अर्ज करायचा, तुमचाही बॅकग्राउंड चेक होतो, मग अनुभवी टीमबरोबर काही क्लासमध्ये मदत करत शिकायचं. शिकार केलीच पाहिजे असा माझा तरी आग्रह नाही, शांतपणे शिकवता येणं जास्त महत्त्वाचं, आणि नवीन माणसं खरंच हवी आहेत. फक्त पहिल्या क्लासला जायच्या आधी चीफ इन्स्ट्रक्टरला फोन करून विचारा की टेबलावरची प्रत्येक बंदूक कोणाच्या मालकीची आहे आणि तो माणूस पूर्ण वेळ तिथे असणार आहे का, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर संकोच न करता परत विचारा.