सेंट जॉनला सहकुटुंब निघताना

सेंट जॉन म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या अखत्यारीतल्या व्हर्जिन बेटांपैकी एक. या बेटावर विमानतळ नाही. ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात नीट बसली की निम्मी तयारी झाली असं समजा. विमान उतरतं ते शेजारच्या सेंट थॉमस बेटावर, शार्लट अमाली शहराजवळ. तिथून टॅक्सीने बेटाच्या पूर्व टोकाला, रेड हुकच्या धक्क्यावर जायचं. मग फेरी. पलीकडे सेंट जॉनवरच्या क्रूझ बे गावात उतरून भाड्याची जीप ताब्यात घ्यायची आणि डोंगरातल्या रस्त्याने मुक्कामाचं घर गाठायचं. लोकांना हा एवढा खटाटोप नकोसा वाटतो. मला विचाराल तर त्या खटाटोपामुळेच हे बेट अजून मोकळंढाकळं राहिलंय. अर्ध्याहून जास्त बेट राष्ट्रीय उद्यानात आहे, ते उद्यान १९५६ पासूनचं, त्यामुळे किनाऱ्यांवर उंच हॉटेलांची भिंत नाही. आमच्या घरी सुट्टीसाठी दुसऱ्या कुठल्या बेटाचं नाव काढलं तर धाकटी जेवायची थांबते.

मी लिहितेय ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून निघणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांसाठी, म्हणजे ज्यांच्याबरोबर पोहायला आसुसलेली मुलं, गाडी चालवायचा कंटाळा असलेला नवरा आणि भारतातून आलेल्या सासूबाई आहेत, अशांसाठी.

सूर्यास्तापासून उलटं मोजा

तिकीट काढताना सगळे भाडं बघतात. मी आधी सूर्यास्त बघते. मुख्य भूमीवर, विशेषतः उत्तरेकडे, जूनमध्ये रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, पण सेंट जॉन विषुववृत्ताच्या बरंच जवळ आहे. तिथे जूनमध्येही सातच्या आत दिवस मावळतो, डिसेंबरात तर सहाच्याही आत. आणि मावळल्यावर जो अंधार होतो तो खरा अंधार असतो. रस्त्यावर दिवे नाहीत, वळणं अगदी उलटी फिरणारी, चढ असा की पुढे फक्त आभाळ दिसतं. अशा रस्त्याने अनोळखी घर शोधण्याची हौस कुणालाही नसावी.

म्हणून हिशोब उलटा करा. घरी पोहोचायचं संध्याकाळी पाचला. जीप घेऊन वाणसामान भरायला एक-दीड तास धरा. फेरी साधारण दर तासाला असते आणि वीस मिनिटांत पोहोचवते, पण एक चुकली तर तासभर धक्क्यावर बसायचं, म्हणून तिचे दीड तास धरा. विमानतळ ते रेड हुक पाऊण तास. बंदरात क्रूझची मोठी जहाजं लागलेली असतील तर शहरातून गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, तेव्हा तासभर. सामान मिळायला अर्धा-पाऊण तास. म्हणजे विमान दुपारी साडेबाराच्या सुमाराला उतरलं पाहिजे. मियामीहून उड्डाण जेमतेम तीन तासांचं आहे, तेव्हा सकाळचं विमान पकडायचं, आणि ते दूरच्या शहरातून जमत नसेल तर आदल्या रात्री वाटेत मुक्काम करायचा. मुलं कुरकुर करतील. करू दे.

घड्याळाचीही एक गंमत आहे. बेटावर उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळ मागेपुढे करत नाहीत. उन्हाळ्यात न्यू यॉर्क आणि सेंट जॉनची वेळ एकच असते, हिवाळ्यात बेट एक तास पुढे. तिकिटावर ज्या गावाची वेळ छापलेली असते ती त्या गावचीच असते, हे सासऱ्यांच्या वयाच्या माणसांना दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

आणखी एक क्रम पाळा: आधी जीप, मग घर, मग विमान. विमानं भरपूर आहेत, बेटावरच्या भाड्याच्या जीप मोजक्याच. हंगामात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, गाडी मिळेपर्यंत पुढचं काहीच पक्कं करू नका. सेंट थॉमसला विमानतळावरच गाडी घेऊन ती रेड हुकहून बार्जवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या सपाट बोटीवर, चढवून आणता येते, पण सगळ्या कंपन्या परवानगी देत नाहीत. करार वाचून घ्या. आजी-आजोबा सोबत असतील तर मला बार्जच बरी वाटते. सामान एकदा डिकीत टाकलं की घरापर्यंत उचलावं लागत नाही.

आम्ही जातो जूनच्या उत्तरार्धात. वादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असला तरी त्याचा खरा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असतो. २०१७च्या सप्टेंबरमध्ये इर्मा नावाचं वादळ याच बेटावरून गेलं आणि डोंगर अक्षरशः पानं झडून तपकिरी झाले होते. या काळात जाणार असाल तर प्रवासविमा आधीच काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी उपयोगाचा नसतो.

कागदपत्रं: सोपं वाटतं तिथेच अडतं

ही बेटं १९१७ मध्ये अमेरिकेने डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून विकत घेतली. त्यामुळे अमेरिकन नागरिकाला पासपोर्ट लागत नाही आणि चलन डॉलरच. पण 'देशातल्या देशात तर चाललोय' म्हणून आपण निर्धास्त राहायचं नाही. परतताना सेंट थॉमसच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या आधी कस्टम आणि इमिग्रेशनचे अधिकारी बसलेले असतात. ग्रीन कार्ड असेल तर ते मूळ कार्ड हवं, फोनमधला फोटो नाही. कामाच्या व्हिसावर असाल तर पासपोर्ट, मंजुरीची नोटीस आणि आय-९४ची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची, छापील प्रत. पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांचा पासपोर्ट आणि आय-९४. हे सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये, फाइल माझ्या खांद्यावरच्या पिशवीत. नवऱ्याच्या बॅगेत नाही. त्याची बॅग विमानात नेहमी दुसऱ्याच कप्प्यात असते.

खरा खड्डा वेगळाच आहे. सेंट जॉनच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर योस्ट व्हान डाइक बेट दिसतं, हाक मारली तर ओ येईल इतकं जवळ. बोटवाले दिवसभराची सहल आनंदाने विकतात. पण ती ब्रिटिश बेटं, म्हणजे दुसरा देश. तिथे पाय ठेवलात की तुम्ही अमेरिका सोडली. सासूबाईंचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, किंवा तुमचा मुक्काम कायदेशीर असला तरी पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल, तर त्या सहलीला हो म्हणण्याआधी वकिलाला विचारा.

फोनचंही तसंच. उत्तर किनाऱ्यावर आणि बेटाच्या पूर्वेकडच्या कोरल बेच्या पलीकडे फोन ब्रिटिश बाजूचा टॉवर पकडतो आणि मुलाने दोन व्हिडिओ पाहिले तरी परदेशी रोमिंगचं बिल येतं. निघण्यापूर्वीच सगळ्यांच्या फोनवरचं डेटा रोमिंग बंद करा आणि बेटाचा नकाशा उतरवून ठेवा.

बॅग भरताना

कपडे कमी. खरंच कमी. दिवसभर अंगावर पोहण्याचेच कपडे असतात. लांब बाह्यांचे पोहायचे शर्ट मात्र प्रत्येकी दोन घ्या, कारण त्याने सनस्क्रीन निम्मं लागतं. सनस्क्रीन लावायचं तर बाटलीमागची बारीक अक्षरं वाचावी लागतात: ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रायलीन असलेलं सनस्क्रीन या बेटांवर २०२० पासून बंद आहे, प्रवाळासाठी. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं चालतं. त्याने तोंड भुतासारखं पांढरं दिसतं, पण समुद्रात सगळ्यांचंच तसं दिसत असतं.

मास्क आणि स्नॉर्केल मुलांच्या मापाचं घरूनच न्या, आणि निघायच्या आधी एकदा तलावात घालून पाहू दे. मास्कमध्ये पाणी शिरतं म्हणून रडणारं मूल पहिल्या दिवशी कासव बघू शकत नाही. हातातल्या बॅगेत प्रत्येकाचा पोहण्याचा एक जोड, औषधं, चष्मा आणि डासांचं मलम. मोठी बॅग दुसऱ्या दिवशी आली तरी पहिला दिवस वाया जात नाही. एकदा आमची आलीच नव्हती, आणि विमानकंपनीच्या माणसाने ज्या शांतपणे खांदे उडवले ते पाहून मी हा नियमच करून टाकला.

खाण्याचं म्हणाल तर बेटावर जवळजवळ सगळं बोटीने येतं, त्यामुळे भाजी, दूध, फळं सगळंच महाग. डाळ, तांदूळ, पोहे, मसाल्याचा डबा घरून नेते. दशम्या आणि लसणीची चटणी प्रवासाच्या दिवसासाठी, कारण विमानतळ ते क्रूझ बे या टप्प्यात शाकाहारी माणसाचे हाल होतात. पलीकडे पोहोचल्यावर नाही. कॅरिबियनमध्ये रोटी मिळते, बटाटा-चण्याची भाजी गुंडाळलेली, आणि ती खाऊन सासूबाईंनी पहिल्यांदा 'बरी आहे' म्हटलं. त्यांच्या तोंडचं बरी म्हणजे आमच्याकडचं उत्तम.

प्रवासाचा दिवस

सेंट थॉमसला विमानातून बहुधा शिडीने उतरावं लागतं. गुडघे दुखणारं कुणी असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत सांगून ठेवा, त्या दिवशी काउंटरवर नव्हे.

टॅक्सी म्हणजे बहुतेक मोठी व्हॅन. भाडं सरकारने ठरवलेलं असतं, माणशी, आणि प्रत्येक बॅगेचे पैसे वेगळे. फेरीतही सामानाचे वेगळे. घासाघीस करू नका, पण बसण्याआधी भाडं विचारून घ्या आणि सुटे डॉलर हाताशी ठेवा.

विचारताना एक पथ्य. थेट 'रेड हुकला किती?' असं तोंड उघडायचं नाही. आधी 'गुड आफ्टरनून', समोरच्याने परत म्हणेपर्यंत थांबायचं, मग प्रश्न. दुकानात शिरतानाही, बसमध्ये चढतानाही. इथे तो शिष्टाचार नसून किमान सभ्यता मानतात, आणि तो न पाळणाऱ्याला उत्तर जरा उशिराच मिळतं. आमच्याकडे हे खातं सासूबाईंकडे आहे. त्यांचं इंग्रजी तीन वाक्यांचं, पण त्यांच्या 'गुड मॉर्निंग'ला धक्क्यावरच्या बायका उठून जागा देतात.

फेरीत मुलांना वरच्या डेकवर पाठवा, बोट लागत असेल त्यांनी खाली मागच्या बाजूला बसावं. या वीस मिनिटांत मी पोरांना एकच गोष्ट सांगते. समोरच्या हिरव्या डोंगरांवर एकेकाळी उसाचे मळे होते आणि ते गुलामांनी राबून उभे केले होते. नोव्हेंबर १७३३ मध्ये आजच्या घानामधून आणलेल्या अक्वामू लोकांनी इथे उठाव केला आणि कित्येक महिने बेटाचा मोठा भाग ताब्यात ठेवला. फ्रेंच सैन्य आणल्यावरच तो मोडला. पुढे अ‍ॅनाबर्गच्या जुन्या ऊसमळ्याची पवनचक्की बघायला गेलो की मुलं नुसते फोटो काढत नाहीत, प्रश्न विचारतात.

जीप आणि पहिली संध्याकाळ

अमेरिकेच्या अखत्यारीतली ही एकमेव जागा जिथे गाडी डावीकडून चालवतात. आपल्याला वाटतं, छान, भारतातलीच सवय. पण स्टिअरिंगही डावीकडेच असतं. म्हणजे चालवणारा रस्त्याच्या कडेला, दरीच्या किंवा कातळाच्या बाजूला, आणि शेजारी बसलेला रस्त्याच्या मधोमध. समोरून येणारी गाडी आधी त्यालाच दिसते, तेव्हा शेजारी जागा राहणारं माणूस बसवा. आमच्याकडे गाडी मी चालवते, थोरला शेजारी बसून प्रत्येक वळणाला 'डावीकडे' म्हणतो, नवरा मागे डोळे मिटून. चढावर कमी गिअर टाका, आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा. रस्त्यात गाढवं उभी असतात, शेळ्या असतात. थांबा, काच बंद ठेवा, खायला काही देऊ नका. गाढवाला एकदा डब्याचा वास लागला की ते डोकं आत घालतं.

घरी पोहोचल्यावर मुलांना पाण्याचं सांगून ठेवा. बहुतेक घरांत छपरावर पडलेलं पावसाचं पाणी खालच्या टाकीत साठवतात आणि तेच वापरतात. अंघोळ दोन मिनिटांत, दात घासताना नळ बंद. वीज अधूनमधून जाते, तेव्हा टॉर्च कुठे आहे ते उजेडातच बघून ठेवा.

पाचला पोहोचलात तर एक बुडी मारायला वेळ असतो. क्रूझ बेजवळ मुक्काम असेल तर हॉक्सनेस्ट, उत्तर किनाऱ्याला असाल तर माहो बे. माहोचं पाणी उथळ आणि शांत, तळाशी समुद्री गवत, आणि ते चरायला हिरवी कासवं येतात. अंतर ठेवून तरंगत राहायचं, हात लावायचा नाही. कायद्यानेही मनाई आहे. ट्रंक बेचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण तो किनारा पहिल्या दिवशी नको. तिथे प्रवेशशुल्क आहे, गर्दी असते, आणि पाण्याखालची फलकांची वाट सकाळच्या स्वच्छ पाण्यातच बघावी. उन्हाळ्यात सरगॅसमचं शेवाळ वाहून येतं ते बहुतेक दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या किनाऱ्यांना, म्हणून जूनमध्ये उत्तर किनारा धरून राहा. हिवाळ्यात उलट: उत्तरेला मोठ्या लाटा असतील त्या दिवशी दक्षिणेला सॉल्ट पाँड बेला जायचं.

किनाऱ्यावरची हिरवी, छोट्या सफरचंदाएवढी फळं कुणीही उचलायची नाहीत. ते मँचिनील असू शकतं. फळ विषारी, चीक अंगाला लागला तर फोड येतात, आणि पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तरी ठिबकणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. पुढे जाण्याआधी धाकटीला फळ लांबून दाखवा. एकदा दाखवलं की तीच सगळ्यांवर पहारा करते.

सूर्य टेकला की वाळूतून निघा. त्या वेळी दिसणारसुद्धा नाहीत एवढ्या बारीक माश्या पोटऱ्या फोडून काढतात. घरी येऊन मुगाची खिचडी लावा, आणि कुकर होईपर्यंत परतीच्या दिवसाचं फेरीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून टाका. परतीचं विमान दुपारी दोनच्या आधीचं असेल तर सकाळची लवकरची फेरी धरावी लागते. कस्टमची रांग, सुरक्षेची रांग आणि परत टॅक्सीतला तास, या सगळ्यासाठी तीन तास वेगळे ठेवा. आणि हो, बॅगेत आंबा टाकू नका, तो काढून घेतात.