होम थिएटर प्रोजेक्टर: आधी खोली मोजा, मग खरेदी. या चुका टाळा

सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून प्रोजेक्टर उचलायचा आणि खोकं घरी आल्यावर टेप घेऊन भिंत मोजायला उभं राहायचं, ही आपल्याकडची ठरलेली रीत. मग वायरमन म्हणतो पॉइंट इथंच आहे, पीओपीवाला म्हणतो आता छत फोडणार नाही, आणि घरातले विचारतात की चित्र एवढंच दिसणार का. क्रम उलटा हवा. आधी खोली, मग पडदा, मग अंतर, आणि मॉडेल सगळ्यात शेवटी.

थ्रो रेशो न बघता घेणं

हा आकडा प्रत्येक माहितीपत्रकात छापलेला असतो आणि तोच कुणी वाचत नाही. लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढंच ते गणित. पडद्याचे इंच कर्णात मोजतात. त्यामुळे 16:9 चा 100 इंची पडदा 221 सेंमी रुंद आणि 125 सेंमी उंच असतो, तर 120 इंची 266 बाय 149.

आता दहा फुटी बेडरूम घ्या, म्हणजे 305 सेंमी. त्यातून प्रोजेक्टरची लांबी 30 आणि मागं केबल वळायला 15 सेंमी वजा करा. उरले 260. रेशो 1.5 असेल तर चित्र 173 सेंमी रुंद, म्हणजे जेमतेम 78 इंच. तिथंच 1.2 रेशोचा लावला तर 98 इंच मिळतात. ‘झूम आहे की’ म्हणणाऱ्यांसाठी: साधा 1.1 झूम म्हणजे फक्त दहा टक्क्यांचा फरक.

उंचीचं याहून वाईट. बऱ्याच मॉडेलमध्ये, छताला टांगल्यावर, चित्र लेन्सच्या समोर न पडता खाली पडतं. ऑफसेट (लेन्सपासून चित्राच्या लांबच्या कडेपर्यंतचं उभं अंतर, चित्राच्या उंचीच्या टक्क्यांत) 110 टक्के असेल तर 100 इंची चित्राची वरची कड लेन्सच्या साधारण 12 सेंमी खाली येते. चित्राची खालची कड जमिनीपासून 75 सेंमीवर हवी असेल, तर लेन्स 212 सेंमीवर आली पाहिजे. दहा फुटी स्लॅबपासून हे झालं तीन फूट खाली. बाजारात मिळणारा वीतभर स्टँड लावला की चित्र पार वर चढतं आणि अख्खा पिक्चर माना वर करून बघावा लागतो. लांब पाइपचा स्टँड घ्या, नाहीतर लेन्स शिफ्टचं, म्हणजे आतली लेन्स सरकवून चित्र वर-खाली करता येणारं मॉडेल घ्या.

कीस्टोनवर भागवणं

वरची मोजमापं चुकली की लोक प्रोजेक्टर तिरका करतात आणि वाकडं झालेलं चित्र सरळ करायला कीस्टोनचं बटण दाबतात. ‘ऑटो कीस्टोन’ची तर जाहिरातच होते. कीस्टोन लेन्स हलवत नाही. तो चित्रच आतल्या आत कापून-आवळून चौकोनी करतो, म्हणून पैसे दिलेल्या पिक्सेलमधले काही वायाच जातात. सबटायटलच्या कडा फुटतात आणि चित्राभोवती करड्या उजेडाची चौकट राहते. कीस्टोन शून्यावर ठेवा, गवंड्याची पाणसळ लावून प्रोजेक्टर समतल करा आणि लेन्स पडद्याच्या मध्यरेषेवर आणा. यात अर्धा दिवस जातो. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी मोठा टीव्ही घ्यावा, तोही वाईट नसतो.

केबल भिंतीत गाडणं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका हॉलचा किस्सा सांगण्यासारखा आहे. पीओपी, रंग, फर्निचर सगळं झालं होतं. 15 मीटरची फायबरची एचडीएमआय केबल टाकलेली. प्रोजेक्टर लावला तर पडद्यावर ‘नो सिग्नल’. प्रोजेक्टर बदलून आणला, तेच. अॅम्प्लिफायर बदलला, तरी तेच. दोष केबलचाही नव्हता, दिशेचा होता. फायबरच्या केबलचं एक टोक ‘सोर्स’ असतं, ते प्लेअर किंवा अॅम्प्लिफायरकडे जातं. दुसरं ‘डिस्प्ले’, ते प्रोजेक्टरकडे. उलटी घातली की चालत नाही. इथं ती उलटीच घातली होती.

ओढून काढून फिरवायची म्हटलं तर तीही सोय नव्हती. झिरीत 20 मिमीचा पाइप होता आणि एचडीएमआयचा प्लग त्यातून जात नाही. म्हणून वायरमननं पाइप काढून केबल थेट झिरीत दाबली होती आणि वरून प्लास्टर झालं होतं. भिंत पुन्हा फोडली, पीओपी पुन्हा केलं, आणि रंगाचा पॅच दिसतो म्हणून अख्खी भिंत पुन्हा रंगवली. केबलच्या कितीतरी पट खर्च गेला तो असा.

म्हणून पाइप 40 मिमीचा टाका. कोपऱ्यात एल्बो नको, लांब बेंड वापरा. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा, पुढच्या केबलला उपयोगी पडते. घालण्याआधी केबल जमिनीवर पसरून दोन्ही टोकं जोडा आणि तासभर 4के चालवून बघा. तांब्याची साधी केबल पाच मीटरच्या पुढं 4के 60 हर्ट्झला (सेकंदाला 60 चित्रं) भरवशाची नाही. गंमत म्हणजे तीच केबल फुल एचडीला दहा मीटरवरही बऱ्याचदा व्यवस्थित चालते, त्यामुळे दोष महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. एचडीआर, म्हणजे रंग-उजेडाची जास्त माहिती असलेला चित्रपट लावला की मध्येच क्षणभर पडदा काळा होतो, तेव्हा कळतं.

बाकीच्या, थोडक्यात

स्वस्त प्रोजेक्टरवर छापलेल्या ‘9000 लुमेन्स’ला (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) काही अर्थ नाही. एएनएसआय किंवा आयएसओ, म्हणजे प्रमाणित पद्धतीनं मोजलेले लुमेन्स विचारा. अंधाऱ्या खोलीत 100 इंचांना खरे हजार लुमेन्स पुरतात. खिडकी उघडी असेल तर तीन हजारही फिके पडतात, कारण प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. आधी खिडकीला जाड पडदे शिवून घ्या.

‘4के सपोर्टेड’ म्हणजे 4के सिग्नल आत घेतो एवढंच. ‘नेटिव्ह रेझोल्यूशन’ची, म्हणजे प्रोजेक्टरच्या स्वतःच्या खऱ्या पिक्सेलची ओळ वाचा. त्यात 1280 बाय 720 दिसलं तर खोकं तिथंच ठेवा.

शंभरवरून 150 इंचांवर गेलात की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि उजेड तेवढाच पातळ होतो. शेजाऱ्यापेक्षा मोठा पडदा हवा म्हणून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पीओपीच्या छताला प्रोजेक्टर अडकवू नका. वर स्लॅबमध्ये फास्टनर मारा. पंख्याचा हादराही प्रोजेक्टरला लागता कामा नये. स्टँडचे स्क्रू बहुतेक एम4 असतात. लांब स्क्रू जोर लावून पिळला तर आतल्या बोर्डात घुसतो, तेव्हा छिद्राची खोली आधी काडीनं मोजा.

पडदा पश्चिमेच्या भिंतीला लावणार असाल तर एक पावसाळा जाऊ द्या. कोल्हापूरच्या जुलैत त्या भिंतीला ओल धरते आणि गुंडाळलेल्या पडद्यावर काळे ठिपके येतात. लेन्सवरही बुरशी चढते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तासभर प्रोजेक्टर चालवा, पडदाही तेवढा वेळ उघडा ठेवा.

लॅम्पचा प्रोजेक्टर असेल तर छोटा यूपीएस हवाच. लाइट गेली की पंखा बंद पडतो, लॅम्प तसाच तापलेला राहतो आणि वेळेआधी जातो. लेझर किंवा एलईडीला हा त्रास कमी आहे. फिल्टर मात्र दोन-तीन महिन्यांनी साफ करा, आणि कपाटाच्या बंद कप्प्यात प्रोजेक्टर ठेवण्याची हौस सोडा.