पंच कुठे थांबतो ते बघा

मुलाला शिस्त लागावी म्हणून त्याला कराटेला घालणारे आईबाप असोत किंवा सुटलेलं पोट आवरायला तिशीत येणारे नोकरदार, पहिल्या महिन्यात बहुतेकांचा हिरमोड होतो. उड्या नाहीत, कौलं फोडणं नाही. पुढचा गुडघा वाकवून झेनकुत्सु-दाची या पवित्र्यात उभं राहायचं आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पंच, म्हणजे ठोसा, मारत जायचं. मी शोतोकान शिकले आणि आता नवशिक्यांची बॅच घेते, तेव्हा पुढचं सगळं त्या शैलीपुरतं. क्योकुशिन या दुसऱ्या शैलीवाल्यांचं गणित वेगळं, तिथे खरे फटके बसतात.

आमच्याकडे क्लास सुटताना ‘डोजो कुन’ म्हणतात. पाच वाक्यं. पहिलं स्वभाव घडवण्याबद्दल, शेवटचं तापटपणा आवरण्याबद्दल. ती लगेच पाठ होतात, पण नुसती म्हणून कुणी सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही. जो काही फरक पडतो तो जोडीच्या सरावात.

गोहोन कुमिते, म्हणजे पाच पावलांचा जोडीचा सराव, घ्या. हल्ला करणारा आधीच सांगतो, ‘जोदान’, म्हणजे तोंडावर, आणि पाच पावलं पुढे येत पाच पंच मारतो. समोरचा मागे सरत आगे-उकेने, म्हणजे हात वर उचलून, अडवतो आणि पाचव्यानंतर ग्याकु-झुकीने, म्हणजे मागच्या हाताच्या पंचने, उत्तर देतो. सगळं ठरलेलं, तरी माणूस उघडा पडतो तो इथेच. भिडस्त माणूस पंच मुद्दाम आखूड मारतो, नाहीतर कानाजवळून बाजूला नेतो. त्याला वाटतं आपण सांभाळून घेतोय, पण समोरच्याला अडवायला काही मिळतच नाही, मग तो शिकणार काय? तापट माणसाचं उलट. मनगटाला जरा जोरात लागलं की त्याचा पुढचा पंच दुप्पट वेगाने येतो.

पंच यायला हवा नेमका तोंडावर, पूर्ण जोरात, आणि थांबायला हवा कातडीच्या किंचित अलीकडे. खांदा आवळून तो थांबत नाही. मागची टाच जमिनीला, कंबर फिरलेली, दुसरी मूठ कमरेशी घट्ट ओढलेली, हे जमलं की हात हवा तिथे थांबतो. राग आला की आधी टाच उचलली जाते. बॅचमध्ये कोण चिडलंय हे मला चेहऱ्याआधी टाचेवरून कळतं.

‘कराटेत पहिला वार नाही’ हे गिचिन फुनाकोशींच्या वीस सूत्रांपैकी एक. ते ओकिनावातले शाळामास्तर. 1922 मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि पुढे तिथेच शिकवत राहिले. सूत्र वाचायची गरजसुद्धा नाही, काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली; नवशिक्यांच्या हेआन मालिकेतल्या पाचही काता ब्लॉकनेच, म्हणजे वार अडवूनच, सुरू होतात. पहिली, हेआन शोदान, 21 हालचालींची. फुनाकोशींचे गुरू आन्को इतोसू यांनी या काता शाळकरी मुलांना डोळ्यासमोर ठेवून बांधल्या, म्हणून दिसायला सोप्या.

क्लास निवडताना भिंतीवरच्या ट्रॉफ्या मोजू नका. अर्धा तास कोपऱ्यात बसा आणि ब्राउन बेल्टवाला व्हाइट बेल्टवाल्यासमोर कसा उभा राहतो ते बघा. त्याला कोपच्यात घेऊन बडवत असेल आणि सर बघून हसत असतील, तर चप्पल घाला आणि निघा. ठराविक महिन्यांत ब्लॅक बेल्टची हमी देणाऱ्यांपासूनही लांब राहा; तिथे ग्रेडिंगची फी भरली की पट्टा बदलतो. स्पोर्ट्स कोट्यावर डोळा ठेवून येणाऱ्यांनी नियम नीट तपासावेत: 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटे होतं, 2024 च्या पॅरिसमध्ये नव्हतं.

गळती सगळ्यात जास्त ब्राउनवर. तिसऱ्या क्यूपासून (क्यू म्हणजे ब्लॅक बेल्टआधीची पायरी) पहिल्या क्यूपर्यंत पट्ट्याचा रंग तोच, म्हणजे घरी दाखवायला नवीन काही नाही. त्यात आपल्याकडे ब्राउन बेल्ट आणि दहावी बहुतेक एकदमच येतात, आणि क्लास बंद होतो. करा बंद, माझी तक्रार नाही. पण रोज दहा मिनिटं एक काता चालू ठेवा. टीपॉय सरकवला की हॉलमध्ये हेआन शोदान बसते, दोन वळणांवर पाऊल जरा आखडावं लागतं एवढंच.