डोमेनवर लॉगिन होत नाही? पीसी डोमेनबाहेर काढण्याआधी हे बघा

पीसी डोमेनला (ऑफिसचे सगळे पीसी आणि युजर एका ठिकाणाहून सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) लॉगिन होत नाही म्हटलं की बरेच जण तो थेट वर्कग्रुपमध्ये टाकून, म्हणजे डोमेनबाहेर काढून, पुन्हा जॉईन करतात. चालतंही ते, पण मूळ बिघाड डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) किंवा घड्याळाचा असेल तर मशीन ना डोमेनमध्ये राहतं ना परत जोडलं जातं. म्हणून आधी स्क्रीनवरचा मेसेज नीट वाचा.

‘लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा मेसेज म्हणजे पीसीला डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) सापडतच नाहीये. युजरच्या जागी डॉट, बॅकस्लॅश आणि लोकल अॅडमिनचं नाव टाकून आत जा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवा. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा) काहीच मिळालेलं नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात लाईट जाऊन आली की हे होतं: पीसी यूपीएसवर, पण स्विच नाही. स्विचवरचा दिवा लागलाय का बघा, मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ द्या.

पत्ता ठीक असेल तर डीएनएसची ओळ बघा. तिथे 8.8.8.8 किंवा राउटरचा पत्ता दिसला तर चोर बहुधा तोच. डोमेन कंट्रोलर कुठे आहे ते सांगणाऱ्या एसआरव्ही नोंदी ऑफिसच्या डीएनएसमध्ये असतात, बाहेरच्याला त्या माहीत नसतात. ‘असू दे’ म्हणून दुसऱ्या क्रमांकालाही बाहेरचा पत्ता ठेवू नका. मग लॉगिन कधी होतं, कधी नाही, आणि दिवस वाया जातो.

आता घड्याळ. कर्बेरोस, म्हणजे डोमेनची ओळख तपासायची पद्धत, डीफॉल्टने डोमेन कंट्रोलरच्या घड्याळाशी 5 मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. सुट्टीभर मेन स्विच बंद असलेल्या शाळेच्या लॅबमध्ये जूनअखेर मशीन उघडली की मदरबोर्डवरचे जुने सीआर2032 सेल संपलेले असतात आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. सेल बदला, तारीख लावा, ‘डब्ल्यू32टीएम /रीसिंक’ द्या. टाइम झोनही तपासा. झोन चुकीचा ठेवून कोणी हाताने वेळ जुळवली असेल तर कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर दिसतं, पण आतला यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ तासांनी चुकलेला असतो.

‘ट्रस्ट रिलेशनशिप’ (पीसी आणि डोमेनमधला विश्वासाचा दुवा) तुटल्याचा मेसेज असेल तर गोष्ट वेगळी. युजरसारखा पीसीलाही डोमेनमध्ये पासवर्ड असतो आणि तो पीसी स्वतःच दर 30 दिवसांनी बदलतो. म्हणून महिनोन्‌महिने बंद राहिल्याने ट्रस्ट तुटत नाही. जुनी इमेज किंवा स्नॅपशॉट (डिस्कची साठवलेली प्रत, जिच्यासोबत जुना पासवर्डही येतो) परत टाकला, किंवा त्याच नावाचा दुसरा पीसी जोडला, की तुटतो.

लोकल अॅडमिनचा पासवर्ड कुणालाच आठवत नसेल तर नेटवर्क केबल काढा आणि त्या मशीनवर आधी लॉगिन केलेल्या, तिथे अॅडमिनचे अधिकार असलेल्या डोमेन युजरने आत जा. जुना लॉगिन साठवलेला असतो. केबल परत लावा आणि अॅडमिन म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमध्ये चालवा:

टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल -रिपेअर -क्रेडेन्शियल (गेट-क्रेडेन्शियल)

डोमेन अॅडमिनचं नाव-पासवर्ड द्या. उत्तर ‘ट्रू’ आलं की रीस्टार्ट करा.

‘फॉल्स’च येत राहिलं तर मात्र रीजॉईन. त्याआधी चालू असलेलं लोकल अॅडमिन खातं हाताशी आहे याची खात्री करा, नाहीतर रीस्टार्टनंतर आत जायला दारच उरत नाही. डोमेनमधलं कॉम्प्युटर खातं डिलीट करू नका, रीसेट करा. डिलीट केलं तर ग्रुपमधलं सदस्यत्व जातंच, पण बिटलॉकरच्या (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं साधन) रिकव्हरी की तिथे ठेवलेल्या असतील तर त्याही जातात.