कोकणातील तळ्यांत गोगलगायींचा अभ्यास सुरू करताना

कोकणात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मृदुकाय प्राण्यांवर काम करावेसे वाटले, की त्याची पावले बहुधा समुद्राकडे वळतात. तिसऱ्या, कालवे आणि खडकांवरचे शंख यांविषयी मार्गदर्शन करणारे शिक्षक मिळतात आणि त्या कामाचा उपयोग कोणाला पटवून द्यावा लागत नाही. देवळामागच्या तळ्यात, भाताच्या खाचरात किंवा पाणी साचून राहिलेल्या जुन्या चिरेखाणीत पानांखाली चिकटून राहणाऱ्या नखाएवढ्या गोगलगायी मात्र मागे पडतात. गेली अनेक वर्षे मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत याच गोगलगायी पाहत आले आहे. हा विषय निवडू पाहणाऱ्यांना एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. सुरुवात रिकाम्या शंखांच्या संग्रहापासून करू नये. ती जिवंत प्राण्यापासून करावी, आणि त्यासाठी घराजवळचा एकच पाणवठा निदान वर्षभर धरून ठेवावा.

वर्षभर असे म्हणण्याचे कारण आपला पाऊस आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकणाच्या मोठ्या भागात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत त्याच गावातल्या अनेक तळ्यांचा तळ उघडा पडतो. पाण्याच्या या दोन टोकांना प्रत्येक जाती आपापल्या रीतीने तोंड देते. पायला ही मोठी गोगलगाय चिखलात शिरते, पायावरचे घट्ट झाकण लावून घेते आणि ग्रीष्मनिद्रेत जाते. चकतीसारख्या वेटोळ्याच्या इंडोप्लॅनॉर्बिसला असे झाकण नसते, तरी ओलसर चिखलात ती काही काळ तग धरते. ज्या जातींना हे फारसे जमत नाही, त्यांची संख्या ओसरते आणि पाणी परतल्यावर उरलेल्या मोजक्या प्राण्यांपासून पुन्हा वाढते. जो विद्यार्थी फक्त दिवाळीच्या सुट्टीत नमुने गोळा करतो, त्याच्या वहीत जातींची यादी येते, पण त्या जाती तिथे कशा टिकतात हे येत नाही.

ओळख पटवण्याचे काम सुरुवातीला जड वाटते. त्यासाठी शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरावे. तोंड उजव्या हाताला आले तर तो शंख उजवा; आपल्याकडील लिम्निया कुळातल्या गोगलगायी अशाच असतात. तोंड डाव्या हाताला आले तर ती बहुधा फायसा असते. फायसा अक्युटा मूळची उत्तर अमेरिकेतली असून मत्स्यालयांच्या पाणवनस्पतींबरोबर ती जगभर पसरली आहे. मात्र शंखावर पूर्ण भरवसा ठेवू नये, कारण एकाच जातीचा शंख पाण्यानुसार लांबट, फुगीर, जाड किंवा पातळ होतो. जिवंत प्राणी अधिक खात्रीने ओळखता येतो. लिम्नियाचे स्पर्शक रुंद आणि त्रिकोणी असतात, तर फायसा आणि इंडोप्लॅनॉर्बिस यांचे दोऱ्यासारखे बारीक असतात. तिन्हींचे डोळे स्पर्शकांच्या बुडाशी असतात. अंगणातल्या गोगलगायीसारखे ते टोकाला नसतात. इंडोप्लॅनॉर्बिसच्या रक्तद्रवात हिमोग्लोबिन असल्यामुळे तिचे अंग लालसर दिसू शकते, तर बहुतेक इतर गोगलगायींमध्ये प्राणवायू वाहण्याचे काम तांबेयुक्त हिमोसायनिन करते. झाकण असलेल्या बेलामियात नर आणि मादी वेगळे असतात. नराचा उजवा स्पर्शक आखूड आणि जाड असतो, कारण तोच समागमाचे इंद्रिय म्हणून वापरला जातो. रिकाम्या शंखात यांपैकी काहीही दिसत नाही.

नावांच्या बाबतीतही सावध राहावे. जुन्या प्रबंधांत लिम्निया ल्युटिओला म्हणून येणारी आपल्याकडील अतिपरिचित गोगलगाय आता रॅसेसिना या प्रजातीत ठेवली जाते, त्यामुळे वाचन करताना दोन्ही नावांनी शोध घ्यावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेली सुब्बा राव यांची हस्तपुस्तिका आजही हाताशी ठेवण्याजोगी आहे, मात्र तिच्यातील नावे अलीकडच्या वर्गीकरणाशी ताडून पाहावीत.

वर्तनाच्या अभ्यासाला मी श्वासोच्छ्वासापासून सुरुवात करायला सांगते, कारण त्याला उपकरण लागत नाही आणि त्यातून पुष्कळ समजते. काचेच्या रुंद बरणीत तळ्याचे पाणी घेऊन त्यात लिम्निया सोडावी आणि समोर शांत बसावे. ती काचेवरून चढत पृष्ठभागाशी येते, अंग किंचित तिरपे करते आणि उजव्या बाजूचे श्वासरंध्र उघडते. त्या क्षणी गडद अंगात एक गोल, स्वच्छ कडेचे भोक दिसते, थोडा वेळ उघडे राहते आणि कडा आवळून मिटते. भोक उघडे असताना बारीक काडीने त्याच्या कडेला हलकेच स्पर्श केला, तर ते लगेच मिटते. प्राणी पुरता दचकला तर तो फुप्फुसातली हवा सोडून देतो आणि दगडासारखा तळाशी जातो, कारण हीच हवा त्याला तरंगत ठेवत असते. याच प्राण्यांना त्वचेतूनही पाण्यातला प्राणवायू घेता येतो. म्हणून एका बरणीत ताजे पाणी आणि दुसऱ्या बरणीत उकळून झाकून थंड केलेले, प्राणवायू कमी असलेले पाणी घेऊन दोन्हींतल्या गोगलगायी ठरावीक वेळात किती वेळा वर येतात ते मोजावे. दुसऱ्या बरणीतल्या फेऱ्या वाढलेल्या दिसतील. परदेशात लिम्निया स्टॅग्नॅलिस या मोठ्या जातीवर स्मरणशक्तीचे जे प्रयोग झाले, त्यांचा पाया हेच वर्तन आहे. श्वासरंध्र उघडताच पुन्हा पुन्हा स्पर्श केल्यास ती गोगलगाय ते उघडणे कमी करते, आणि शिकलेले पुढे काही काळ लक्षात ठेवते.

बरणीच्या काचेवर शेवाळाचा पातळ थर येऊ द्यावा. त्यावरून जाणाऱ्या गोगलगायीचे तोंड बाहेरून भिंगाने पाहिले तर ओठ उघडताना दिसतात, आतली दातेरी पट्टी म्हणजे रॅड्युला पुढे येते, काच खरवडते आणि मागे जाते. तिच्या मागे शेवाळात नागमोडी स्वच्छ रेघ उरते. त्या रेघेवरून प्राणी कुठे रेंगाळला आणि कुठून सरळ निघून गेला हे नंतरही वाचता येते. पृष्ठभागाच्या ताणाला श्लेष्मा लावून पाण्याखालून उलटे चालणे हेही याच बरणीत पाहायला मिळते.

लिम्निया, फायसा आणि इंडोप्लॅनॉर्बिस उभयलिंगी आहेत. समागमात एक प्राणी नराची भूमिका घेतो आणि दुसरा मादीची, पण जोडीदार न मिळाल्यास त्यांना स्वफलनही करता येते. एकच गोगलगाय नव्या खाणीतल्या पाण्यात पोहोचली तरी तिथे वसाहत उभी राहू शकते, ती यामुळेच. अंडी पारदर्शक, चिकट पुंजक्यांत असतात. लिम्नियाचा पुंजका लांबट, तर इंडोप्लॅनॉर्बिसचा चपटा असतो. ही अंडी कमळाच्या पानाखाली सापडतात, तशीच तळ्यात पडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवरही सापडतात. असा एक पुंजका बशीत घेऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली रोज पाहावा, असे मी प्रत्येक नवोदिताला सांगते. सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक अंड्यातला भ्रूण अंगावरच्या केसलांच्या, म्हणजे केसांसारख्या सूक्ष्म तंतूंच्या, हालचालीने संथपणे गरगर फिरत असतो. पुढे डोळ्यांचे दोन काळे ठिपके उमटतात, हृदयाचे ठोके दिसू लागतात आणि इवलासा शंख घेऊन पिल्लू आतूनच भिंत खरवडू लागते. उबदार पाण्यात हे सारे आठवडा-दोन आठवड्यांत आटोपते. विकासाचे इतके उघडे दर्शन फार थोड्या प्राण्यांत आणि इतक्या कमी खर्चात होते. शंख उजवा की डावा हे पिल्लाच्या स्वतःच्या जनुकांवर नव्हे, तर आईच्या जनुकांवर ठरते, हा आनुवंशिकतेतला प्रसिद्ध निष्कर्ष १९२३ मध्ये तळ्यातल्या अशाच गोगलगायींच्या पैदाशीतून पुढे आला.

आपल्या प्रदेशाचा खरा प्रश्न जांभ्याचा आहे. शंख बांधायला कॅल्शियम लागते, आणि जांभ्या दगडातून येणारे पाणी मऊ व किंचित आम्ल असते. अशा पाण्यातले शंख पातळ राहतात, त्यांची टोके झिजतात, त्यांवर खड्डे पडतात. सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचे, पावसाळी डबके, चिऱ्यांनी बांधलेले तळे आणि खाजणाजवळचे किंचित मचूळ पाणी यांतल्या एकाच जातीच्या शंखांची तुलना हा पदव्युत्तर प्रकल्पाला पुरेल एवढा विषय आहे. घरी पाळतानाही ही गोष्ट ध्यानात ठेवावी. किनाऱ्यावर वाहून येणारा समुद्रफेस, म्हणजे माकुळाच्या जातीच्या प्राण्याचे पांढरे चुनखडी कवच, धुऊन त्याचा तुकडा बरणीत टाकला की कॅल्शियमची सोय होते. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी दिवसभर उघडे ठेवूनच वापरावे आणि तांब्याचे भांडे कधीही वापरू नये, कारण तांबे गोगलगायींना अत्यंत विषारी असते. याच कारणाने पावसाळ्यात सुपारीवर मोरचूद (तांब्याचे संयुग) आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारले जाते अशा बागांच्या खालच्या अंगाचे पाणवठे वेगळे नोंदवावेत. तिथे गोगलगायी विरळ आढळल्या तर त्यामागे मोरचूद असू शकतो.

या विषयाला आरोग्याची बाजूही आहे आणि ती कोकणाशी थेट जोडलेली आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावातून मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसची, म्हणजे रक्तात राहणाऱ्या चपट्या कृमींमुळे होणाऱ्या रोगाची, नोंद केली. पुढे त्यांनी फेरिसिया टेन्युइस या टोपीसारख्या शंखाच्या अगदी लहान गोगलगायीचा संबंध या कृमीच्या जीवनचक्राशी जोडला. ती दगडावर किंवा पानावर इतकी सपाट बसते, की नवख्याला खवलाच वाटावा. गुराढोरांच्या बाबतीत लिम्निया कुळातल्या गोगलगायी यकृतातल्या चपट्या कृमीच्या वाहक आहेत, तर इंडोप्लॅनॉर्बिसमधून बाहेर पडणाऱ्या काही कृमींमुळे गुरांच्या नाकाला सूज येऊन ती घोरल्यासारखा श्वास घेतात, आणि खाचरात काम करणाऱ्या माणसांच्या पायांना खाज सुटते. एकेक गोगलगाय स्वच्छ पाण्याच्या छोट्या पेल्यात ठेवून काही तास उजेडात ठेवली, तर बाधित प्राण्यातून बाहेर पडलेले शेपटीचे सूक्ष्म डिंभ, म्हणजे कृमींची पिल्ले, भिंगाखाली पोहताना दिसतात. ते पाणी उघड्या हातांनी हाताळू नये. तळ्यात उतरताना गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेतच. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो, आणि पायाला जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये.

पुढच्या वाटेबद्दल थोडेसे. फक्त गोगलगायींवर नोकरी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. प्राणिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन परजीवीशास्त्र, मत्स्यविज्ञान किंवा गोड्या पाण्याची परिसंस्था यांपैकी एका क्षेत्राशी हा अभ्यास जोडला, तर संशोधनाची आणि अध्यापनाची दारे उघडतात. पशुवैद्यकांशी ओळख करून घ्यावी, कारण कोणत्या वाडीतल्या गुरांना यकृताचा त्रास आहे हे त्यांना ठाऊक असते आणि कोणत्या तळ्यात कोणती गोगलगाय आहे हे तुम्हाला. सह्याद्रीच्या कड्यांवर धबधब्यांच्या तुषारांत राहणारी क्रेम्नोकॉन्कस ही प्रजाती समुद्रकाठच्या शंखांची नातलग असून जगात फक्त पश्चिम घाटात आढळते. तिच्याकडे वळायचे असेल तर आधी वनखात्याची लेखी परवानगी काढावी.

नमुने ठेवायचे झाल्यास मोजकेच ठेवावेत. प्राणी आधी मेंथॉलने शिथिल करावा, म्हणजे तो शंखात आखडून राहत नाही. त्यानंतर शरीररचनेसाठी सत्तर टक्के आणि डीएनएसाठी पंच्याण्णव टक्के अल्कोहोलमध्ये तो ठेवावा. साधे फॉर्मॅलिन आम्ल झाल्यावर शंख विरघळवते, म्हणून ते टाळावे. प्रत्येक बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी असावी आणि तिच्यावर गाव, वाडी, पाणवठ्याचा प्रकार, तारीख, पाण्याचे तापमान आणि प्राणी कशावर बसला होता हे सारे लिहिलेले असावे. शाईची अक्षरे अल्कोहोलमध्ये पुसली जातात.