ग्रुपने दिवसभर सायकल चालवताना या चुका टाळा

लांबच्या टूरवर दुपारी तीनच्या सुमारास ग्रुप ढेपाळायला लागतो. एकाचा गुडघा कुरकुरतो, दुसऱ्याच्या हाताला मुंग्या येतात, कुणी गप्प होऊन मागे पडतं. मग खापर उन्हावर नाहीतर चढावर फुटतं. माझ्या अनुभवात मात्र दुपारच्या बहुतेक तक्रारींचं मूळ सकाळच्या पहिल्या तासात सापडतं.

सकाळी पाय ताजे असतात, हवा गार असते, शेजारी गप्पांना मित्र असतो, त्यामुळे वेग कधी वाढला ते कळतच नाही. पण सायकलचा वेग वाढला की वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटरवरून २५ वर गेलात, तर त्या कामाला जवळजवळ दुप्पट ताकद जाते. १०० किलोमीटरच्या दिवसात यातून वाचतो जेमतेम एक तास, आणि तोही पुढे कुणाची तरी वाट बघण्यात जातो. म्हणून पहिल्या तासात शेजाऱ्याशी न धापा टाकता पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. येत नसतील तर वेग कमी करा. जड गिअर रेटत बसू नका. पेडलचे मिनिटाला ८० ते ९० फेरे आरामात होतील इतका हलका गिअर गुडघ्यांना मानवतो.

यापेक्षाही मनाला लागणारी चूक थांब्यावर होते. वेगवान मंडळी आधी पोचतात, वीस मिनिटं बसतात, पाणी पितात. शेवटचा माणूस धापा टाकत येतो आणि हे म्हणतात, “चला, निघू या.” म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. दिवसभर असंच चाललं तर तो माणूस संध्याकाळपर्यंत संपतो, आणि सगळ्या ग्रुपची चूक स्वतःचा कमकुवतपणा समजून बसतो. थांब्याची वेळ शेवटचा माणूस सायकलवरून उतरला की मोजायला सुरुवात करा. सर्वांत मागे एक अनुभवी माणूस ठरवून ठेवा. पंप आणि हत्यारं त्याच्याकडेच द्या, कारण पंक्चर झालेला माणूस मागेच राहतो.

पुढच्याच्या आडोशाला चालवलं की वारा कमी लागतो, दम वाचतो. पण तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसलं, की धोका सुरू झाला. आमच्या एका राइडमध्ये पुढच्याने छोटा खड्डा चुकवायला सायकल वीतभर डावीकडे घेतली. मागच्याचं चाक त्याला घासलं. पुढच्याला नुसता हिसका बसला, मागचा मात्र थेट खांद्यावर आदळला. अशा वेळी पडतो तो जवळपास नेहमीच मागचा. निदान एका सायकलची लांबी सोडा, सामान लादलेलं असेल तर त्याहून जास्त. नजर पुढच्याच्या चाकावर नको, त्याच्या खांद्यापलीकडे रस्त्यावर ठेवा. “खड्डा”, “थांबतोय” हे मोठ्याने ओरडून सांगा आणि एकदम ब्रेक दाबू नका.

खाण्यासाठी भूक लागायची वाट बघू नका. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं. घाम भरपूर जात असताना नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं ही लक्षणं दिसली की आणखी साधं पाणी पाजू नका. माणूस गोंधळल्यासारखा बोलायला लागला तर थेट डॉक्टर गाठा.

अंग दुखायला लागलं की आधी सीट बघा. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. वाटेत बदल करायचा तो ३ ते ५ मिलिमीटरचाच. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहातातली नस दबतेय. हातांची जागा बदलत राहा, आणि सीटचं टोक खाली झुकलंय का तेही तपासा. पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालू नका, शिवण कातडी सोलते. नवी सीट किंवा नवे बूट टूरच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.

नवी ट्यूब टाकून दोनशे मीटरवर तेच चाक पुन्हा बसलं, तर काटा टायरमध्येच राहिलाय. काढलेल्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा आणि व्हॉल्व्हच्या जागी व्हॉल्व्ह धरून ती टायरवर मांडा. ट्यूबच्या भोकासमोर काटा सापडतो. एकदा मला बाहेरून काहीच दिसलं नव्हतं. आतून बोट फिरवलं तेव्हा केसाएवढ्या तारेचं टोक लागलं. बोट हळूच फिरवा, नाहीतर कापेल. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब चिमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमच्या आत आऱ्यांची टोकं झाकणारी पट्टी सरकली आहे. पॅच लावताना सोल्युशन सुकून चिकट होईपर्यंत थांबा, ओल्यावर लावलेला पॅच सुटतो. हे सगळं रस्त्यापासून दूर उभं राहून करा, बघ्यांनाही तिथेच बोलवा.

मुक्कामी पोचल्यावर सायकल भिंतीला टेकवून लगेच पाठ टेकू नका. चाक उचलून फिरवा. रिम एकाच जागी ब्रेकला घासत असेल किंवा लहरत असेल, तर बहुधा एखादा आरा सैल झालाय किंवा तुटलाय. टायरवर रुतलेले काचेचे कण नखाने काढा, चेन पुसून तेलाचा हात फिरवा. उजेड आणि हत्यारं दोन्ही हाताशी आहेत तोवर हे उरका, उद्याच्या पहिल्या तासात त्यासाठी कुणालाही थांबावं लागणार नाही.