जुनं बाथरूम, मोजका खर्च: फोडायचं की नाही, हे आधी ठरवा

नव्वदच्या दशकातल्या फ्लॅटमधलं मास्टर बेडरूमचं बाथरूम बहुधा आठ बाय पाच फुटांचं असतं. आत गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप, आठ बाय आठ इंचांच्या पिवळट टाइल्स आणि कायम ओला राहणारा एक कोपरा. टाइलच्या दुकानात जाण्याआधी खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत पाहून या. डाग, पोपडे किंवा पांढरे क्षार दिसत असतील तर फरशी फोडावीच लागेल. बाथरूममधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सहसा सदनिकाधारकाच्याच गळ्यात पडते, त्यामुळे त्यावर नवी टाइल चिकटवणं म्हणजे तोच खर्च दोनदा करणं.

छत कोरडं असेल तर हातोडीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल ठोकून बघा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने फुली मारा. फुल्या चार-पाचच असतील तर तेवढ्या काढून सिमेंटने भरून घ्या आणि बाकी ठिकाणी जुन्या टाइलवरच नवी लावा. तोडफोड आणि राडारोडा, दोन्ही वाचतं. मात्र चिकटवायला ‘टाइलवर टाइल’साठीचंच पॉलिमर अ‍ॅडेसिव्ह हवं. गुळगुळीत टाइलवर साधं सिमेंट धरत नाही, काही महिन्यांत टाइल सुटते.

यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. नवी टाइल आणि अ‍ॅडेसिव्ह मिळून जाडी सुमारे 12 मिमी वाढते. दरवाजा खाली घासतो, उंबऱ्याची उंची कमी पडून पाणी बेडरूममध्ये येतं, नहाणी ट्रॅपची (जमिनीतल्या पाणी जाण्याच्या तोंडाची) जाळी खड्ड्यात जाते आणि नळ बसवायला एक्स्टेन्शन निपल (लांबी वाढवणारे जोड) लागतात. कमोडच्या मागची भिंतही तेवढी पुढे येते. म्हणून भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर नव्या टाइलची जाडी वजा करूनच मोजा. एस-ट्रॅप कमोड (ज्यांचं आउटलेट जमिनीत उतरतं) ठरलेल्या अंतराचेच मिळतात, नऊ इंची किंवा बारा इंची, आणि अर्ध्या इंचाने अडलेला कमोड परत करण्यात दिवस जातो.

कमोडची जागा हलवू नका. मैल्याची चार इंची लाइन सरकवली की उतार, फरशी, वॉटरप्रूफिंग सगळंच नव्याने करावं लागतं. बजेट इथेच फुटतं.

जीआय पाइप मात्र बदलाच, त्यासाठी भिंतीत चर मारावे लागले तरी. सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) घ्या. मुख्य लाइन पाऊण इंची आणि नळांना अर्धा इंची पुरते. गिझरला प्लास्टिकचा पाइप थेट जोडू नका, मध्ये धातूचं निपल हवं. चर बुजवण्याआधी हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या आणि मोजपट्टी लावून पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढे टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना उपयोगी पडतात. गिझरच्या पॉइंटला अर्थिंग आहे का, तेही बघा. जुन्या वायरिंगमध्ये ते नसणं नवलाचं नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.

फरशी फोडलीच असेल तर घाई करू नका. जमीन आणि भिंत मिळते तिथे सिमेंटची गोलाई द्या, गवंडी तिला वाटा म्हणतात. त्यावर पाणी रोखणाऱ्या पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, भिंतीवर फूटभर आणि शॉवरपाशी सहा फुटांपर्यंत. गळती बहुतेकदा सुरू होते ती नहाणी ट्रॅपच्या गळ्याशी, म्हणून तिथलं काम समोर उभं राहून करून घ्या. कोटिंग पूर्ण वाळलं की ट्रॅप गोणपाटाने बंद करून दोन इंच पाणी भरा, पेन्सिलने पातळीची खूण करा आणि 48 तास ठेवा. खालच्यांचं छत पाहिल्याशिवाय टाइल लावणाऱ्याला बोलावू नका. ट्रॅपकडे उतार दर फुटाला साधारण 4 मिमी.

आता हिशेब. आठ बाय पाचला सात फूट उंच टाइल लावायची तर भिंती 182 चौरस फूट. दार-खिडकी वजा करून 160. दहा टक्के तूट धरली की 176. बारा बाय अठरा इंचांच्या सहा टाइल्सच्या बॉक्समध्ये सुमारे 8.7 चौरस फूट बसतात, म्हणजे 21 बॉक्स. जमिनीला 44 चौरस फूट, मॅट फिनिशच. सगळं एकाच बॅचचं घ्या, नंतर आणलेल्या बॉक्सची छटा जुळत नाही. आणखी कमी करायचं असेल तर टाइल शॉवरच्या बाजूलाच सात फूट ठेवा, बाकी भिंती चार फुटांवर थांबवून वर वॉटरप्रूफ रंग द्या.

काटकसर आरशात, कपाटात, शॉवरच्या थाटात करा. डायव्हर्टर (पाणी नळ किंवा शॉवरकडे वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) आणि अँगल कॉक (भिंतीवरचा पाणी बंद करण्याचा छोटा कॉक) चांगलेच घ्या, कारण डायव्हर्टर बिघडला की टाइल फोडावी लागते. टाइलच्या फटी भरायला एपॉक्सी ग्राउट निदान जमिनीला तरी हवंच. कोटेशन घेताना राडारोडा खाली नेण्याचा खर्च त्यात आहे का, ते लिहून घ्या. एकूण रकमेच्या 15 टक्के बाजूला ठेवा, फोडल्यावर आत काय निघेल ते आधी कळत नाही. फोडून केलेलं काम पंधरवडाभर चालतं, तेवढे दिवस अंघोळीची सोय कुठे, ते आधी ठरवा.